संशोधन, माध्यमे आणि व्यासपीठ: राज्यशास्त्र व सार्वजनिक धोरण विभागात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

राज्यशास्त्र, लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण किंवा अर्थशास्त्र या विषयांच्या विद्यापीठीय विभागात सहायक प्राध्यापक अथवा संशोधक म्हणून रुजू झालेल्या व्यक्तीकडून अध्यापनाखेरीज तीन कामांची अपेक्षा असते. तिने संशोधन करावे, त्या संशोधनाच्या आधारे वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर भाष्य करावे आणि विभागात व्याख्याने, चर्चासत्रे भरवावीत. नियुक्तीपत्रात यांपैकी पहिल्याचा जेमतेम उल्लेख असतो आणि उरलेली दोन कशी करायची हे कोणीच सांगत नाही. पुण्यातील अशाच एका विभागात या तिन्ही कामांतून गेल्यावर जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडले आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील असली तरी बराचसा भाग इतरत्रही लागू पडेल.

सुरुवातीलाच एक आग्रह नोंदवतो. ही तीन कामे वेगवेगळी समजून प्रत्येकासाठी निराळा विषय घेतला, तर वर्षअखेरीस हातात एक अर्धवट शोधनिबंध, वाहिनीवरील काही विस्मृत वाक्ये आणि एका चर्चासत्राचे फलक एवढेच उरते. तिन्ही कामे एकाच प्रश्नाभोवती बांधली, तर ती एकमेकांना उपयोगी पडतात. ही काही नवी कल्पना नव्हे. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी क्षेत्रीय पाहण्यांची शिस्त रुजवली आणि त्याच संस्थेने काळे स्मृती व्याख्यानांतून सार्वजनिक प्रश्नांना व्यासपीठही दिले. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील संघराज्य योजनेची चिरफाड करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे भाषण २९ जानेवारी १९३९ रोजी याच निमित्ताने पुण्यात झाले आणि पाठोपाठ ते पुस्तिकारूपाने छापले गेले. अभ्यास, व्याख्यान आणि छापील मजकूर यांची ही साखळी आजही तशीच जोडावी लागते.

१. वर्षभर पुरेल असा एकच प्रश्न ठरवा

नवख्या संशोधकाचा विषय बहुधा फार मोठा असतो. ‘महाराष्ट्रातील महिलांचा राजकीय सहभाग’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘एवढ्या प्रमाणात’ असे देता येईल आणि ते उत्तर चुकीचे ठरण्याचीही शक्यता असेल.

याचा उत्तम नमुना मुंबईतच सापडतो. महापालिकेत महिलांसाठी राखीव प्रभाग प्रत्येक निवडणुकीत बदलतात आणि ते कोणते असावेत हे सोडतीने ठरते, ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असते. रिखिल भवनानी या अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या राज्यशास्त्रज्ञाने याच फिरत्या आरक्षणाचा उपयोग करून १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांची तुलना केली. १९९७ मध्ये राखीव असलेला प्रभाग २००२ मध्ये खुला झाल्यावर तेथे महिला निवडून येते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत अशा प्रभागात महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली, आणि २००९ मध्ये हा निबंध अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यातील कच्ची सामग्री, म्हणजे आरक्षणाच्या सोडती आणि निकालांच्या याद्या, आपल्यापैकी कोणालाही उपलब्ध होती. मौल्यवान होता तो प्रश्न, आणि सोडतीमुळे दोन्ही प्रकारच्या प्रभागांची तुलना रास्त ठरते हे ओळखण्याची नजर.

प्रश्न ठरला की तो दोन वाक्यांत लिहून विषयाबाहेरच्या माणसाला वाचून दाखवा. त्याने ‘मग काय आढळलं?’ असे विचारले, तर पुढे जायला हरकत नाही. ‘छान विषय आहे’ असे म्हटले, तर पुन्हा बसा.

२. आकडेवारी मिळवा, आणि तिचे खाचखळगे आधी जाणून घ्या

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. महाराष्ट्रावर काम करणाऱ्याला ज्या स्रोतांशी रोजचा संबंध येतो त्यांतील प्रमुख असे:

निवडणुकांसाठी ‘नमुना २०’. लोकसभा आणि विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघाचा मतदान केंद्रनिहाय अंतिम निकाल या नमुन्यात असतो आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. मात्र तो नेहमी तक्त्याच्या स्वरूपात मिळेल असे समजू नका. अनेक मतदारसंघांच्या प्रती म्हणजे स्कॅन केलेली पाने असतात. रकाने तिरके झालेले, उमेदवारांची नावे जुन्या फॉन्टमध्ये, क्वचित एखाद्या बेरजेवर पेनाने केलेली दुरुस्ती. ही पाने हाताने टंकित करावी लागतात आणि टंकित झाल्यावर प्रत्येक उमेदवाराची बेरीज पानाखालच्या बेरजेशी ताडून पाहावी लागते. टपाली मते शेवटी स्वतंत्र ओळीत असतात. ती केंद्रांच्या बेरजेत नसतात, हे विसरल्यास हिशेब कधीच जुळत नाही. मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली असल्याने २००४ आणि २००९ च्या विधानसभा निकालांची मतदारसंघनिहाय तुलना करता येत नाही. नाव तेच असले तरी भूभाग बदललेला असतो.

महापालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, त्या राज्य निवडणूक आयोग घेतो. हे वाचकांपैकी अनेकांना हास्यास्पद वाटेल इतके प्राथमिक आहे. तरीही चुकीच्या कार्यालयाला पत्र लिहून महिनाभर उत्तराची वाट पाहणारे संशोधक दरवर्षी भेटतात.

लोकसंख्येसाठी अजून २०११ ची जनगणनाच आधाराला घ्यावी लागते, कारण त्यानंतरची जनगणना लांबत गेली. या तक्त्यांत महाराष्ट्राचे पस्तीस जिल्हे आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून २०११ चे ‘ठाणे’ आणि आजचे ‘ठाणे’ शेजारी ठेवून वाढ किंवा घट सांगणे ही ढोबळ चूक आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यानंतर जिल्ह्यांच्या नावांवरून दोन तक्ते जोडले, तर हे जिल्हे निमूटपणे गळतात आणि संगणक काहीच तक्रार करत नाही. तक्ते नेहमी जिल्ह्यांच्या संकेतांकावरून जोडावेत.

राज्याच्या अर्थकारणासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ अर्थसंकल्पाच्या तोंडावर प्रसिद्ध होते. रोजगारासाठी केंद्र सरकारची २०१७ पासून सुरू झालेली नियतकालिक श्रमशक्ती पाहणी आहे. खर्चावर काम करणाऱ्यांनी अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने वेगळे ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. योजनेसाठी मार्चमध्ये जाहीर झालेली रक्कम म्हणजे झालेला खर्च नव्हे. मध्ये पुरवणी मागण्या येतात, कपात होते, आणि खरा आकडा नंतरच्या वर्षांच्या कागदपत्रांत व महालेखापरीक्षकांच्या अहवालात सापडतो. वृत्तपत्रांतील निम्मे वाद या तीन रकान्यांच्या सरमिसळीतून निर्माण होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

योजनेचे नियम सांगताना बातमीचा आधार घेऊ नका, मूळ शासन निर्णय वाचा. प्रत्येक शासन निर्णयाच्या अखेरीस त्याचा संकेतांक दिलेला असतो. तो आपल्या टिपणात नोंदवून ठेवा, कारण त्याच योजनेचा शुद्धिपत्रक काढून सुधारलेला दुसरा निर्णय निघालेला असण्याची शक्यता दाट असते.

३. जे प्रसिद्ध नाही ते माहितीच्या अधिकारातून मागा

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ हे संशोधकाचे कायदेशीर साधन आहे, परंतु महाराष्ट्रात त्याचा अर्ज लिहिण्याची एक पद्धत आहे. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क दहा रुपये असून ते कोर्ट फी स्टॅम्प लावूनही भरता येते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे, आणि उत्तर न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास त्यापुढील तीस दिवसांत पहिले अपील करता येते.

अर्जात ‘का’ विचारू नका. ‘अमुक गावाला निधी का मिळाला नाही?’ या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर देण्यास बांधील नसतो. ‘अमुक वर्षात अमुक योजनेखाली तालुक्यातील ग्रामपंचायतनिहाय वितरित निधीच्या नोंदवहीची छायांकित प्रत मिळावी’ अशी कागदाची मागणी करा. शक्य असल्यास अर्ज देण्यापूर्वी संबंधित कार्यालयात जाऊन ती माहिती कोणत्या नावाच्या नोंदवहीत लिहिली जाते हे लिपिकाला नम्रपणे विचारा. नोंदवहीचे नेमके नाव अर्जात असले की उत्तर लवकर मिळते. कित्येकदा तर अर्ज देण्याची वेळच येत नाही. भाऊसाहेब कपाटातून वही काढून समोर ठेवतात.

४. परवानगी, संमती आणि अनुदान

क्षेत्रीय काम असेल तर मुलाखत घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता घ्या आणि संमतीपत्र मराठीत, बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत करा. सरपंचबाईंसमोर दोन पानांचे कायदेशीर मराठी ठेवले, तर त्या सही करतील पण बोलणार नाहीत. अनुदानासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या लघु व बृहत् प्रकल्पांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात जे. पी. नाईक भवनात आहे आणि चर्चासत्रांच्या अनुदानासाठीही तेथे चौकशी करता येते.

निबंध कुठे छापावा याविषयी एवढेच सांगतो की विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद केली आहे, त्यामुळे ‘यादीत आहे’ एवढ्या भांडवलावर पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्यांच्या नादी लागण्याचे उरलेसुरले कारणही संपले आहे. मुंबईहून निघणारे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, मराठीत समाज प्रबोधन पत्रिका किंवा वाईचे नवभारत यांचे जुने अंक चाळा आणि आपला मजकूर कोणत्या संभाषणात बसतो ते पाहा.

५. निबंधाच्या आधी दोन पानांचे टिपण करा

निबंध छापून येण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात, वार्ताहराचा फोन मात्र आज दुपारी येतो. म्हणून निष्कर्ष हाती येताच दोन पानांचे टिपण तयार करून ठेवा. त्यात प्रश्न, आकडेवारीचा स्रोत, एक तक्ता, तीन निष्कर्ष आणि या अभ्यासातून काय सिद्ध होत नाही याचा एक परिच्छेद असावा. हा शेवटचा परिच्छेद गाळण्याचा मोह होतो. तो गाळू नये. वार्ताहराने तुमच्या तोंडी नको ते विधान घातले, तर बोट दाखवण्याजोगी जागा तीच असते.

टिपण सहकाऱ्यांपैकी जो सर्वांत खडूस म्हणून ओळखला जातो त्याला आधी दाखवावे.

६. वृत्तपत्रासाठी लेख

मराठी वृत्तपत्रांच्या संपादकीय पानांवरील लेख साधारणतः आठशे ते हजार शब्दांचा असतो. आधी चार ओळींचा प्रस्ताव पाठवा. मुद्दा काय, आत्ताच का, तुमच्याकडे नवी माहिती कोणती आणि लेख कधीपर्यंत देऊ शकाल, हे त्यात असले की पुरे. होकार आल्यावर लेख युनिकोडमध्ये द्या आणि तक्ता स्वतंत्र जोडा.

पहिल्या परिच्छेदातच निष्कर्ष सांगावा. आपल्याकडे प्रबंधाची सवय अशी की पूर्वसूरींचा आढावा, संकल्पनांची चर्चा आणि मग तेराव्या पानावर मुद्दा. वृत्तपत्राचा वाचक तोवर क्रीडापानावर गेलेला असतो. शास्त्रीय संज्ञा कमी असाव्यात, पण ज्या आवश्यक आहेत त्यांना घाबरू नये. प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीनंतर ‘अनुशेष’ (विकासाची राहून गेलेली तूट) हा शब्द विदर्भ-मराठवाड्यातील गावोगावच्या सभांत पोहोचला. नीट समजावून सांगितलेली संज्ञा लोक उचलतात.

आकड्यांबाबत दोन सापळे नेहमीचे आहेत. प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, तर ती वाढ दहा टक्क्यांची नव्हे; ती दहा टक्केबिंदूंची, आणि मूळ प्रमाणाच्या पंचवीस टक्के आहे. दुसरा सापळा सरासरीचा. राज्याची दरडोई उत्पन्नाची सरासरी सांगून गडचिरोली किंवा नंदुरबारविषयी अनुमान काढता येत नाही, कारण मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्याने ती सरासरी वर उचललेली असते.

मथळा उपसंपादक देतो, लेखक नव्हे. हे आधीच मान्य केले म्हणजे सकाळी पेपर उघडल्यावर रक्तदाब वाढत नाही. मात्र मथळ्यात वस्तुस्थितीची चूक असेल तर त्याच सकाळी, शांत शब्दांत, योग्य आकड्यासह कळवावे. डिजिटल आवृत्तीत ती दुरुस्त होऊ शकते. एकच लेख एकाच वेळी दोन वृत्तपत्रांना पाठवू नये. दोन्हीकडे छापून आला की दोन्ही दरवाजे बंद होतात.

लेखाखाली पदाचा उल्लेख करण्यापूर्वी आपल्याला कोणते सेवानियम लागू आहेत ते पाहा. शासकीय महाविद्यालयातील अध्यापकांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू होतात आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्याबाबत त्यांत निर्बंध आहेत. विद्यापीठीय विभाग आणि अनुदानित महाविद्यालये यांचे परिनियम वेगळे असतात. ‘मते वैयक्तिक’ ही ओळ शिष्टाचार म्हणून जरूर लिहावी, परंतु ती कवच आहे अशा समजुतीत राहू नये.

७. वाहिनीवर बोलणे

फोन बहुधा असा येतो: ‘सर, पाच मिनिटांत लाईव्ह आहे, फक्त एक प्रतिक्रिया हवी.’ लगेच होकार देऊ नका. आधी चार गोष्टी विचारा: नेमका विषय काय, कार्यक्रम थेट आहे की ध्वनिमुद्रित, सोबत कोण आहेत आणि आपल्याला किती वेळ मिळेल. समोर चार पक्षांचे प्रवक्ते असतील आणि तुम्हाला ‘समतोलासाठी’ बोलावले असेल, तर तासाभरात तुमच्या वाट्याला येणारी दोन मिनिटे बहुतांशी कोणाच्या तरी आवाजाखाली जातात. अशा चर्चेला मी जात नाही. निवडणूक निकालांवरील दीर्घ कार्यक्रम किंवा अर्थसंकल्पावरील विशेष भाग मात्र उपयुक्त असतात, कारण तेथे तक्ता दाखवता येतो.

कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया, जिला सगळे ‘बाईट’ म्हणतात, वीस ते तीस सेकंदांची असते. वार्ताहर तिपाईवर मोबाईल लावतो, पुस्तकांच्या कपाटासमोर उभे करतो आणि खालच्या बाजूला वाहिनीचे बोधचिन्ह असलेला माईक हातात देतो. तेवढ्या वेळात आधी निष्कर्ष, मग एक आकडा आणि मग थांबणे जमले पाहिजे. थांबला नाहीत तर संकलक थांबवतो, आणि तो कुठे थांबवेल हे तुमच्या हाती नसते. पडद्याखालच्या पट्टीवर नाव आणि पद कसे लिहायचे ते स्वतः कागदावर लिहून द्या, एरवी ‘राजकीय विश्लेषक’ ही पदवी आपोआप मिळते आणि पुढे कोणत्याही पक्षफुटीवर मत देण्याची जबाबदारी तिच्यासोबत येते.

प्रश्न तुमच्या अभ्यासाबाहेरचा असेल तर ‘हा माझा विषय नाही, पण अमुक विभागातील मॅडम यावर काम करतात’ असे सांगून मोकळे व्हा. वार्ताहर नाराज होत नाही. उलट पुढच्या वेळी योग्य विषयाला तो तुम्हालाच फोन करतो. ‘ऑफ द रेकॉर्ड’ बोलायचे असेल तर तसे बोलण्यापूर्वी ठरवावे लागते, बोलून झाल्यावर नव्हे.

निवडणुकीच्या काळात कायदा डोळ्यांसमोर हवा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत त्या क्षेत्रात निवडणुकीच्या निकालावर प्रभाव टाकू शकेल असा मजकूर दूरचित्रवाणीवरून दाखवता येत नाही, आणि चर्चेतील पाहुण्यांची वक्तव्येही त्यात येऊ शकतात. कलम १२६-क मतदानोत्तर चाचण्यांवर (एक्झिट पोल) बंदी घालते. आयोगाने अधिसूचित केलेल्या काळात त्या घेता येत नाहीत आणि प्रसिद्धही करता येत नाहीत. मतदान अनेक टप्प्यांत असेल तर ही बंदी पहिल्या टप्प्यापासून अखेरच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत चालते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पाच टप्प्यांत मतदान झाले, पण देशातील टप्पे सात होते. महाराष्ट्रातील मतदान २० मे रोजी संपले तरी बंदी १ जूनच्या संध्याकाळपर्यंत कायम होती. विद्यार्थ्यांनी मतदान केंद्राबाहेर केलेल्या पाहणीचा ‘कल’ विभागाच्या समाजमाध्यमावर टाकणे हाही या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो, हे त्यांना आधी सांगा.

मतमोजणीच्या सकाळी आठ वाजता आधी टपाली मते मोजायला घेतात आणि यंत्रांतील मतांची मोजणी त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू होते. सव्वाआठला पडद्यावर दिसणाऱ्या आघाड्यांवर सामाजिक समीकरणांचे विवेचन करणाऱ्या तज्ज्ञांमध्ये आपण नसावे.

८. व्याख्यान की चर्चासत्र?

बहुतेक विभागांना ‘राष्ट्रीय चर्चासत्र’ हा शब्द प्रिय आहे, कारण तो अहवालात शोभतो. साठ निबंध, प्रत्येकाला सात मिनिटे, समांतर चार सत्रे आणि दुपारच्या जेवणानंतर रिकाम्या खुर्च्या, असे त्याचे स्वरूप होते. नवख्याने पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये. आपल्या टिपणावर वीस माणसांची गोलमेज चर्चा भरवावी: काही संशोधक, जिल्हा परिषदेतील एखादे अधिकारी, दोन-तीन माजी लोकप्रतिनिधी, एक-दोन वार्ताहर. टिपण आठवडाभर आधी सर्वांना पाठवावे आणि चर्चेत लेखकाने दहा मिनिटांहून अधिक बोलू नये. निवडून आलेल्या महिलांविषयी काही म्हणायचे असेल, तर त्यांच्यापैकी काही जणी त्या टेबलाभोवती असायलाच हव्यात.

जाहीर व्याख्यान ठेवायचे असल्यास एकच वक्ता आणि एकच अध्यक्ष असावेत. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ज्या शहरात अजून चालते, तेथील श्रोता दीड तास बसतो. मात्र दीप प्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, सत्कार आणि प्रास्ताविक यांत त्यातला पाऊण तास खर्च केला तर तो उठून जातो आणि त्याचे काही चुकत नाही. परिचय दोन मिनिटांत आटोपावा, पाहुण्यांची पदे छापील पत्रिकेत असतातच.

प्रश्नोत्तरांसाठी एक साधा उपाय सुचवतो. माईक श्रोत्याच्या हातात देऊ नका. एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी तो धरून प्रश्नकर्त्याशेजारी उभी राहू द्या. ‘माझा प्रश्न नाही, मला फक्त थोडं मांडायचंय’ असे म्हणत उठलेले काका मग मिनिटभरात प्रश्नावर येतात. चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवण्याची पद्धत सोयीची असली तरी अडचणीचा प्रश्न बाजूला सारला गेल्याचा संशय तीत कायम राहतो.

कागदपत्रांची तयारी किमान सहा आठवडे आधी सुरू करावी. नस्तीत (फाइलमध्ये) पुढील गोष्टी लागतात:

– विभागप्रमुखांच्या शिफारशीसह कार्यक्रमाचा प्रस्ताव आणि खर्चाचे अंदाजपत्रक
– प्रशासकीय मान्यता आणि वित्तीय मान्यता. या दोन स्वतंत्र सह्या आहेत
– सभागृहाच्या आरक्षणाचे पत्र आणि ध्वनिव्यवस्थेची मागणी
– भोजन, छपाई यांची प्रत्येकी तीन दरपत्रके व तुलनात्मक तक्ता
– अग्रिमासाठी (आगाऊ रकमेसाठी) अर्ज
– वक्त्यांची निमंत्रणपत्रे व त्यांचे लेखी होकार, पॅन आणि बँक तपशील

वित्तीय मान्यता मिळाल्याच्या तारखेआधीचे देयक लेखाविभाग स्वीकारत नाही. ‘मान्यता येईलच’ या भरवशावर फलक छापून घेतला तर तो खर्च स्वतःच्या खिशातून समजावा. मंत्री किंवा आमदार पाहुणे असल्यास आचारसंहितेच्या संभाव्य तारखा पाहा. ती लागू झाली की पत्रिकेवरील त्यांचे नाव काढावे लागते. अशा वेळी विद्यापीठाला, स्थानिक पोलीस ठाण्याला आणि पाहुण्यांच्या स्वीय सहायकांना एकाच दिवशी लेखी कळवणे श्रेयस्कर.

विमानाने येणाऱ्या वक्त्याला बोर्डिंग पास जपून ठेवायला निघण्याआधीच सांगावे. निरोप देताना सांगून उपयोग नसतो, तो बहुधा विमानतळावरच्या कचराकुंडीत गेलेला असतो.

९. कार्यक्रमानंतरचे पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन करून वक्त्याकडे तपासायला पाठवा. महिन्याने पाठवलेले शब्दांकन सहसा परत येत नाही. वक्त्याची संमती मिळाली की विभागातर्फे छोटी पुस्तिका काढावी किंवा एखाद्या मराठी नियतकालिकाकडे मजकूर द्यावा. गोलमेज चर्चेत निघालेल्या हरकती नोंदवून टिपणाची दुसरी आवृत्ती करा आणि तीवर तारीख घाला, म्हणजे पुढे वार्ताहर जुना आकडा वापरणार नाहीत. ज्या कार्यालयाने नोंदवही दाखवली आणि ज्या गावांत मुलाखती घेतल्या तेथे या आवृत्तीची छापील प्रत पोस्टाने पाठवा.

त्याच पंधरवड्यात देयके, उपस्थितीपत्रक, मानधनाच्या पावत्या आणि कार्यक्रमाचा अहवाल जोडून अग्रिम समायोजित करून घ्या. पाच हजार रुपयांपेक्षा अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लागते, तेव्हा तिकिटांची पट्टी आधीच आणून ठेवा. बाह्य अनुदान असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील ‘१२-ए’ नमुन्यात द्यावे लागते, त्यासोबत सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले खर्चाचे विवरण जोडावे लागते, आणि अखर्चित रक्कम तिच्यावरील व्याजासह परत करावी लागते. ३१ मार्चच्या आधीच्या आठवड्यात लेखाविभागात रांग लागते, म्हणून ही नस्ती फेब्रुवारीतच वर पाठवावी आणि आवक क्रमांकाची नोंद आपल्याकडे ठेवावी.